सल्ला: पंधरा वर्षांपूर्वीची केमिस्ट्री पुन्हा करू का?

पत्र

ताई, नमस्कार. मी 37 वर्षांची, एडिसनला राहते. दहावीपर्यंत ठाण्यात मराठी शाळेत शिकले, मग बाबांच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीत आलो. 2010 साली इथल्याच एका विद्यापीठातून सायकॉलॉजीत बीए केलं, बरोबर प्री-मेडचे, म्हणजे मेडिकलला जाण्याआधी लागणारे, सगळे कोर्स. मेडिकललाच जायचं होतं. पण ऑरगॅनिक टूमध्ये, म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या कोर्सात, सी मायनस मिळाला आणि मी गाशा गुंडाळला. आता एका औषध कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. नवरा आहे, सात वर्षांचा मुलगा आहे. गेली दोन वर्षं आईचं डायलिसिस चालू आहे, सोम-बुध-शुक्र. त्या दिवशी मी तिच्या खुर्चीशेजारी लॅपटॉप उघडून काम करते. टेक्निशियन ‘2के’ लिहिलेला कॅन जोडतो, तेव्हा कळतं की याबद्दल मी कधीतरी शिकले होते आणि आता काही आठवत नाही. जुनी इच्छा परत डोकं वर काढते आहे.

एकूण जीपीए, म्हणजे ग्रेडची 4 पैकी सरासरी, 3.1, सायन्सचा 2.9. बायोलॉजीत ए मायनस आणि बी प्लस, जनरल केमिस्ट्रीत दोन्ही बी, ऑरगॅनिक वन बी मायनस, फिजिक्स बी आणि सी, मॅथ्स-स्टॅटिस्टिक्स दोन्ही बी प्लस. बायोकेमिस्ट्री केलेलीच नाही. ओळखीचे सगळे म्हणतात, इतकं जुनं चालत नाही, बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे आठही कोर्स पुन्हा कर. काका म्हणतात, कॅरिबियनला जा, तिथे कुणी विचारत नाही. नवरा म्हणतो, पैसे भरण्याआधी कुणाला तरी विचार. म्हणून विचारते. आणि मला ‘तू’ म्हणालात तरी चालेल.

उत्तर

तुझ्या नवऱ्याला आधी शाबासकी. माझ्याकडे बहुतेक लोक फी भरून झाल्यावर येतात.

आठही कोर्स पुन्हा करू नकोस. पुन्हा करायचा तो एकच, ऑरगॅनिक टू. तरी अभ्यास चार-पाच सेमिस्टरचाच होणार आहे, त्यातून तुझी सुटका नाही. फक्त ती सेमिस्टरं जिथून सुरुवात केली होतीस तिथे परत जाऊन बसण्यात घालवू नकोस.

मी बावीस वर्षं कम्युनिटी कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते आहे. तिशी-चाळिशीत परत आलेले विद्यार्थी मला लांबून ओळखता येतात. पहिल्या बाकावर बसतात, वही नवी असते आणि पहिल्या दिवशी हमखास विचारतात, ‘जुना ग्रेड यामुळे जाईल ना?’ नाही जात. एमडी ही इथली डॉक्टरकीची पहिली पदवी. एमडी कॉलेजांचे अर्ज ज्या ॲमकास नावाच्या सामायिक अर्जातून जातात, तिथे एकच कोर्स तू दोनदा केलास तर दोन्ही ग्रेड मोजले जातात. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक, डॉक्टर होण्याची इथली दुसरी पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा. ती सोय 2017 मध्ये बंद झाली, पण आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती अजून चालूच आहे. टेक्सासमध्ये दहा वर्षांपूर्वीचं सगळं शिक्षण बाजूला ठेवून नव्याने मोजायचा कायदा आहे, पण तो तिथल्या रहिवाशांसाठी. शिवाय त्यात चांगले ग्रेडही वाहून जातात, म्हणजे तुझा बायोलॉजीतला ए मायनससुद्धा. एडिसन सोडून डॅलसला जायचं काही कारण नाही.

आता पाकिटाच्या पाठीवर हिशेब करू. तुझी क्रेडिट्स मी 124 धरते, जीपीए 3.1. पुढे 30 क्रेडिट्स केलीस आणि सगळीकडे ए मिळाला, तर एकूण होतं 3.28. सायन्सची आधीची क्रेडिट्स 40 धरली तर 2.9 चे होतात 3.37. जुनेच कोर्स परत केलेस काय किंवा नवे केलेस काय, हा आकडा तोच येणार. दोन-अडीच वर्षं रात्रीचं जागरण आणि हातात एवढीशी चढण. हे आत्ताच ऐकलेलं बरं, कारण इथल्या एमडी कॉलेजांत प्रवेश मिळणाऱ्यांचा सरासरी जीपीए 3.7 च्या वर असतो.

पण ॲमकासच्या छापील अर्जात जीपीएचा एक तक्ता असतो. फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर अशा ओळी, त्यांच्या खाली पदवीनंतर केलेल्या कोर्सांची स्वतंत्र ओळ आणि मग एकूण. वाचणाऱ्याची नजर त्या स्वतंत्र ओळीवर थांबते. वर 2.9 आणि खाली, दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर, 3.9. एकोणीस वर्षांच्या मुलीने काय केलं आणि सदतीस वर्षांची बाई काय करते, हे तिथे शेजारी शेजारी दिसतं. मग नजर पुढच्या पानावर जाते, ते 3.9 कशात आहेत ते बघायला. बायोलॉजी वनमध्ये आधी ए मायनस होता, आता ए आहे, यातून कुणाला काय कळणार? फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, बायोकेमिस्ट्रीतले ए मात्र काहीतरी सांगतात. माझ्या एका विद्यार्थ्याने हट्टाने जनरल बायोलॉजी पुन्हा घेतली. आधी बी होता, दुसऱ्यांदा बी प्लस. कंटाळला होता बिचारा, सगळं येत असल्यासारखं वाटायचं आणि पेपरात घसरायचा. एक सेमिस्टर, एक लॅब आणि बाराशे पानांचं एक पुस्तक घालवून अर्जावर ‘रिपीट’ अशी खूण मिळवली.

ऑरगॅनिक टू मात्र करावंच लागेल. बऱ्याच कॉलेजांना प्रीरिक्विझिटमध्ये, म्हणजे प्रवेशाआधी लागणाऱ्या कोर्सांत, किमान सी लागतो, सी मायनस म्हणजे त्यांच्या लेखी तो कोर्स झालेलाच नाही. आणि बायोकेमिस्ट्रीला बसायचं तर बहुतेक ठिकाणी ऑरगॅनिक टू आधी मागतात. म्हणजे सगळी माळ या एका मण्यात अडकली आहे. फिजिक्सचा सी चालून जातो, तो राहू दे. जनरल केमिस्ट्रीचे दोन्ही बी ठीक आहेत.

‘इतकं जुनं चालत नाही’ हे अर्धं खरं आहे. काही कॉलेजं पाच, सात किंवा दहा वर्षांच्या आतलेच कोर्स धरतात, काही अलीकडचे असावेत अशी नुसती इच्छा दाखवतात, आणि बऱ्याच ठिकाणी मुदतच नाही. काहींनी तर प्रीरिक्विझिटची यादीच काढून टाकली आहे. तेव्हा ‘सगळे म्हणतात’ हा आधार सोड. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची एमएसएआर नावाची एमडी कॉलेजांची यादी आहे, तिची वर्षाची वर्गणी भर. मग तुला खरोखर जायला जमतील अशी पंधरा-वीस कॉलेजं काढ. लहान मुलगा आणि आई बघता पहिली पाच तुझ्या दाराशीच आहेत: रटगर्सची दोन, कॅमडेनचं कूपर, नटलीचं हॅकेन्सॅक मेरिडियन आणि स्ट्रॅटफर्डचं रोवन-व्हर्चुआ, हे शेवटचं डीओचं. प्रत्येकाच्या ॲडमिशन ऑफिसला चार ओळींची ईमेल लिही: ‘माझे कोर्स 2006 ते 2010 मधले आहेत, ग्रेड असे आहेत. यातले तुम्ही धरता का? पुढच्या वर्गाचे नवे कोर्स केले तर जुन्यांची मुदत महत्त्वाची राहते का? लॅब ऑनलाइन चालते का?’ शेवटचा प्रश्न विसरू नकोस. कोविडच्या काळात ज्यांनी ऑनलाइन लॅब मान्य केली होती, त्यांतल्या काहींनी ती सवलत परत घेतली. फोनवर उत्तर मिळालं तरी ईमेलने मागून घे आणि ईमेल जपून ठेव. वीसपैकी दोन-तीन कॉलेजं म्हणतील, सगळं नव्याने कर. ती यादीतून काढ. त्यांच्यासाठी आठ कोर्स करणं म्हणजे एका पाहुण्यासाठी सबंध घराला रंग काढणं.

आणखी एक अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेडिकल कॉलेजची मुदत एक, आणि तू जिथे कोर्स घेशील त्या कॉलेजची दुसरी. पंधरा वर्षांपूर्वीच्या ऑरगॅनिक वनवर ऑरगॅनिक टूला घेत नाही, असं रजिस्ट्रारचा संगणक सांगू शकतो. संगणकाशी भांडू नकोस, केमिस्ट्रीच्या विभागप्रमुखाला भेट. आमच्याकडे असं कुणी आलं की मी एक कोरा कागद पुढे सरकवते आणि दोन-तीन प्रश्न विचारते. आलं तर सही करते, नाही आलं तर ऑरगॅनिक वनला ऑडिट करायला, म्हणजे ग्रेड न घेता नुसतं वर्गात बसायला, सांगते.

तोच कागद तुझ्यापुढे ठेवते. आज रात्री मुलगा झोपल्यावर कर, पुस्तक आणि कॅल्क्युलेटर दोन्ही दूर ठेवून. पहिला प्रश्न तुझ्याच पत्रातला. त्या कॅनवरचं ‘2के’ म्हणजे तयार होणाऱ्या द्रावात पोटॅशियम लिटरमागे 2 मिलिइक्विव्हॅलंट. आईच्या रक्तात ते पाच-साडेपाच असेल. द्रावात बायकार्बोनेट मात्र रक्तापेक्षा जास्त ठेवलेलं असतं. आता एकाच पडद्यातून, एकाच वेळी, पोटॅशियम बाहेर का जातं आणि बायकार्बोनेट आत का येतं, ते पाच ओळींत लिही. त्या बायकार्बोनेटने रक्तातल्या आम्लाचं काय होतं, त्याचं समीकरण मांड. दुसरा प्रश्न: हायड्रोजन आयनांचं प्रमाण 3 गुणिले 10 चा वजा 5 वा घात, तर पीएच अंदाजे किती? साडेचारच्या आसपास असं अर्ध्या मिनिटात आलं पाहिजे, कारण एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत कॅल्क्युलेटर देत नाहीत. तिसरा: 2-ब्रोमोब्युटेनवर हायड्रॉक्साइड मागून येऊन धडकतो. बाण काढ. कार्बनवरचे गट छत्री वाऱ्याने उलटावी तसे का उलटतात, ते आपल्या शब्दांत सांग.

पहिला जमला आणि तिसरा अडला, तर तू बऱ्याच जणांच्या पुढे आहेस, ऑरगॅनिक वन घरी उजळून घे. तिन्ही अडले तर ऑरगॅनिक वनच्या वर्गात ऑडिटला बस. फीला सूट मिळते का ते विचार, काही ठिकाणी मिळते. ग्रेडची भीती नसते, त्यामुळे तो अभ्यास फार छान होतो. जुने विषय घट्ट करणं आणि ट्रान्सक्रिप्टवर ते पुन्हा आणणं यांचा परस्परांशी संबंध नाही. पहिलं तुला जनरल केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्हींत करावंच लागेल, कारण एमकॅटला तुझा ग्रेड किती जुना हे कळत नाही, तुझा विसर किती जुना हे बरोबर कळतं. तू कॉलेजात होतीस तेव्हाचा एमकॅट आता राहिला नाही. 2015 पासून नवा आहे. त्यात बायोकेमिस्ट्री भरपूर, आणि सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा वेगळा विभाग. तुझं मेजर तिथे कामाला येईल. 472 ते 528 असे गुण. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी 511-512 च्या आसपास. 3.28 घेऊन जाणारीने त्याच्या वरच राहायला हवं. आणि घाईने लवकर देऊन ठेवू नकोस, गुण बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षंच धरतात.

कुठे शिकायचं, यावर माझ्या पोटावर पाय देऊन सांगते: माझ्यासारख्यांकडे येऊ नकोस. कम्युनिटी कॉलेज स्वस्त आहे, लॅबमध्ये चोवीस मुलं असतात आणि शिकवणं, माझ्या मते, मोठ्या विद्यापीठाच्या तीनशेंच्या वर्गापेक्षा बरं असतं. पण तुझा सी मायनस चार वर्षांच्या विद्यापीठातला आहे. तो दुरुस्त करायला दोन वर्षांच्या कॉलेजात गेलीस तर काही प्रवेश कमिट्या भुवई उंचावतात. मला ते पटत नाही, पण तुझ्या अर्जावर माझ्या पटण्याचा उपयोग नाही. ऑडिट करायचं तर ये, ग्रेड मात्र विद्यापीठात कमव. ‘पोस्टबॅक’ नावाने जे महागडे बांधीव कार्यक्रम असतात, त्यांतले बरेचसे प्री-मेड कधीच न केलेल्यांसाठी आहेत. तुझ्यासारखीला ते बहुधा घेणारच नाहीत. सुटे कोर्स घे.

वर्गात प्रत्यक्ष जाऊन बसण्याचं ग्रेडपेक्षाही मोठं कारण आहे, शिफारसपत्रं. बहुतेक कॉलेजांना सायन्सच्या दोन प्राध्यापकांची पत्रं लागतात. 2008 साली ज्यांनी तुला शिकवलं ते आता निवृत्त असतील, आणि तुझं नाव त्यांना आठवावं असं काही तू तेव्हा केलं नव्हतंस. रागावू नकोस, सी मायनसवाले मलाही आठवत नाहीत. मला आठवते ती ऑफिस अवर्समध्ये सेपरेटरी फनेल कसं धरायचं हे विचारायला आलेली बाई. फनेल उलटं करून तोटी उघडून वाफ सोडायची असते, हे ती विसरली होती, आदल्या दिवशी तिचं झाकण उडालं होतं. हसत हसत आली, हातात जळलेल्या बाहीचा कोट होता. तिच्या पत्रात मी ते झाकण लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात तिने शेजारच्या बाकावरच्या मुलाला तेच कसं शिकवलं, तेही लिहिलं. शंभरांच्या आतला वर्ग निवड आणि प्राध्यापकांना तुझं नाव पाचव्या आठवड्यापर्यंत माहीत असू दे.

काकांचं म्हणणं. तिथे कुणी विचारत नाही हे खरं आहे. विचारतात ते चार वर्षांनी, रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या वेळी. त्या जागांच्या वाटपात, 2024 च्या मॅचमध्ये, इथल्या एमडीच्या शेवटच्या वर्षातल्या 93 टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना जागा मिळाली, डीओच्या 92 टक्क्यांना, आणि परदेशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी सुमारे 67 टक्क्यांना. त्यात कॅरिबियनमध्ये मधेच गळालेले धरलेलेच नाहीत. काकांना हे सांगताना चहा तू कर. डीओचा मात्र मोकळ्या मनाने विचार कर. ‘खरे डॉक्टर नसतात का?’ असं मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारेल, त्याला त्याच्या स्वतःच्या डॉक्टरच्या दारावरची पाटी नीट वाचायला सांग.

काळाचा हिशेब. 2026 च्या जानेवारीत ऑरगॅनिक टू, एकटंच, नोकरी सांभाळून. त्या फॉलला बायोकेमिस्ट्री आणि जेनेटिक्स. पुढच्या स्प्रिंगला फिजिऑलॉजी आणि सेल बायोलॉजी. नंतरच्या फॉलला इम्युनॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी असं काही. 2028 च्या वसंतात एमकॅट, जूनच्या सुरुवातीला अर्ज, 2029 च्या ऑगस्टला वर्ग. तेव्हा तू 41. एमडी 45 व्या वर्षी, इंटर्नल मेडिसिन केलंस तर 48. आणि डायलिसिसच्या खुर्चीशेजारी सुचलेलं नेफ्रॉलॉजी मनात असेल तर पन्नास. वयाला कायद्याची आडकाठी कुठेही नाही. पैशाला आहे. जुलै 2025 च्या कायद्याने पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी बंद होतं आणि मेडिकलला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला 50 हजार डॉलर, एकूण 2 लाख. फी आणि राहणं धरून बऱ्याच कॉलेजांचा खर्च याच्या पुष्कळ वर जातो. उरलेलं खासगी कर्ज, किंवा नवऱ्याचा पगार. ही चर्चा ऑरगॅनिकच्या आधी व्हायला हवी, आणि ती माझ्याशी नाही.

पत्रात तू एक गोष्ट लिहिली नाहीस. आईच्या खुर्चीशेजारी तू मुलगी म्हणून बसतेस. दुसऱ्या कुणाच्या खुर्चीशेजारी कधी बसलीस का? डॉक्टरच्या मागे दिवसभर उभं राहिलीस का? सी मायनसपेक्षा कमिटी याबद्दल जास्त विचारेल. मराठी आणि हिंदी येणाऱ्या माणसाची एडिसनच्या आसपासच्या रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून गरज असतेच. या महिन्यात अर्ज दे, कोर्सची वाट बघू नकोस. चार महिन्यांनी उत्साह ओसरला तर काहीच फी गेलेली नसेल.

वेळापत्रकाचं राहिलंच. स्प्रिंगचं रजिस्ट्रेशन साधारण नोव्हेंबरात उघडतं. ऑरगॅनिक टूचं लेक्चर संध्याकाळचं मिळालं तर उत्तम, पण लॅब चार-चार तासांची असते आणि एकदा चुकली की भरून मिळत नाही. आईचं सोम-बुध-शुक्र आहे ना? मग मंगळवार किंवा गुरुवारची लॅब घे. ती आधी भरते, म्हणून पहिल्या दिवशी सकाळीच लॉगिन कर.